वाचक विचारतात : कॅल्क्युलेटरचं उत्तर आणि बाटलीवरचं लेबल

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच अडचणीबद्दल आहेत. रसायनशास्त्राची आकडेमोड ऑनलाइन कॅल्क्युलेटरवर केली आणि उत्तर पुस्तकाशी, सरांशी किंवा प्रत्यक्ष मोजमापाशी जुळलं नाही. ही साधनं वापरू नका, असं आम्ही कुणालाही सांगणार नाही. हातानं करताना दहा मिनिटं जातात तिथे ती दहा सेकंदांत काम करतात, आणि गुणाकार-भागाकारात चुकत नाहीत. खालच्या एकाही पत्रात गुणाकार चुकलेला नाही. चुकलंय ते दुसरीकडेच.

प्रश्न : बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक आम्लाचं २५० मिली द्रावण करायचं होतं. कॅल्क्युलेटरनं १.१२५ ग्रॅम घ्यायला सांगितलं, सरांच्या वहीत १.५७६ ग्रॅम आहे. बरोबर कोण? (विद्यार्थी, सातारा)

उत्तर : सरांची वही. तुम्ही कॅल्क्युलेटरमध्ये नुसतं 'ऑक्झॅलिक आम्ल' निवडलंत, त्यामुळे त्यानं पाण्याशिवायच्या आम्लाचं मोलर वस्तुमान (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) घेतलं : ९०.०३. प्रयोगशाळेतल्या बाटलीत मात्र स्फटिकी ऑक्झॅलिक आम्ल असतं. त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बसलेले असतात आणि त्याचं मोलर वस्तुमान भरतं १२६.०७. मोलर म्हणजे लिटरला किती मोल. आम्लाचा एक रेणू जितके हायड्रोजन आयन देतो, तितक्यानं मोलर आकडा गुणला की नॉर्मल आकडा मिळतो. ऑक्झॅलिकचा रेणू दोन देतो, म्हणून ०.१ नॉर्मल म्हणजे ०.०५ मोलर. म्हणून ०.०५ × ०.२५ × १२६.०७ = १.५७६ ग्रॅम.

१.१२५ ग्रॅमच तोलून द्रावण केलं असतं तर काय झालं असतं, तेही बघा. द्रावण ०.१ ऐवजी ०.०७१४ नॉर्मल झालं असतं. कोनिकल फ्लास्कमध्ये १० मिली घेऊन ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल पोटॅशियम परमँगनेट सोडलं की १० मिलीऐवजी ७.१ मिलीलाच गुलाबी रंग टिकतो. तीन रीडिंग घेतली तरी तीनही ७.१ येतात आणि एकमेकांशी छान जुळतात, म्हणून संशयही येत नाही. मग आकडेमोडीत परमँगनेट ०.१४ नॉर्मल निघतं आणि दोष परमँगनेटच्या माथी जातो.

उपाय सोपा आहे. बाटलीच्या लेबलवर सूत्राबरोबर मोलर वस्तुमान छापलेलं असतं. कॅल्क्युलेटरनं ग्रॅम किती सांगितले याच्याही आधी त्यानं मोलर वस्तुमान किती धरलंय ते बघा, आणि ते लेबलशी जुळवा. सूत्र हातानं टाइप करत असाल तर पाण्याआधीचा ठिपका जपून द्या. काही ठिकाणी मधला ठिपका लागतो, काही ठिकाणी तारांकन चालतं, आणि काही साधनं साध्या पूर्णविरामाला दशांशचिन्ह समजतात. पडद्यावर १२६.०७ दिसलं की ठिपका बरोबर वाचला गेला. मोरचुदाचंही (कॉपर सल्फेट) तसंच : स्फटिकाचं २४९.६८, निर्जल पांढऱ्या भुकटीचं १५९.६१. मोहर मीठ (स्फटिकी फेरस अमोनियम सल्फेट) ३९२.१४.

धुण्याच्या सोड्याच्या बाबतीत लेबलही पुरत नाही. त्याच्या ताज्या स्फटिकात पाण्याचे दहा रेणू असतात आणि मोलर वस्तुमान २८६.१४ असतं. बरणी उघडी राहिली की कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडत जातं, स्फटिकांवर पांढरी पूड धरते आणि शेवटी एकच रेणू उरतो : १२४.००. अर्धवट पांढरा पडलेला सोडा तोलून कुठलंही कॅल्क्युलेटर तुम्हाला बरोबर संहती (द्रावणाची तीव्रता) देऊ शकत नाही. तिथे सुकवलेलं निर्जल सोडियम कार्बोनेट, १०५.९९, हेच वापरायचं.

प्रश्न : महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक लिटर ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आणि एक लिटर १ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल करून ठेवायचं असतं. विरलीकरणाच्या कॅल्क्युलेटरमध्ये मूळ संहती म्हणून ३५ भरलं तर १४.३ मिली आलं, ते फारच कमी वाटतं. (प्रयोगशाळा सहायक, लातूर)

उत्तर : तुम्हाला वाटतंय ते अगदी खरं आहे. कॅल्क्युलेटर मोलॅरिटी मागत होता आणि तुम्ही टक्केवारी दिलीत. लेबलवरचे ३५ टक्के हे वजनाचे आहेत : १०० ग्रॅम आम्लात ३५ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड. त्याची मोलॅरिटी काढायला घनता लागते, आणि तीही लेबलवर असते, १.१८. एक लिटर आम्लाचं वजन ११८० ग्रॅम, त्याचे ३५ टक्के ४१३ ग्रॅम, भागिले ३६.४६, म्हणजे ११.३ मोलर. आता ०.५ × १००० ÷ ११.३ केलं की ४४ मिली येतं. १४.३ मिली घेऊन केलेलं द्रावण ०.१६ नॉर्मल झालं असतं, हव्या त्याच्या एक तृतीयांश.

सल्फ्युरिकला आणखी एक खड्डा आहे. ९८ टक्के आणि १.८४ घनता यांवरून १८.४ मोलर येतं, पण प्रत्येक रेणू दोन हायड्रोजन आयन देतो, म्हणून ते ३६.८ नॉर्मल. आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या वह्या अजून नॉर्मॅलिटीत चालतात, ऑनलाइन साधनं बहुतेक मोलॅरिटीच ओळखतात. एका बाजूला १८.४ आणि दुसऱ्या बाजूला १ भरलं तर ५४ मिली येतं आणि द्रावण २ नॉर्मल होतं. दोन्ही बाजूंना एकच एकक हवं : ३६.८ आणि १. उत्तर २७.२ मिली.

आधी पाणी, मग आम्ल, हे तुम्हाला सांगायला नको. तरी एक गोष्ट अनेक जण विसरतात. सल्फ्युरिक पाण्यात घातल्यावर द्रावण तापतं. गरम असतानाच फ्लास्कच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, तर थंड झाल्यावर पातळी खुणेखाली उतरते आणि द्रावण थोडं जास्त तीव्र राहतं. बीकरमध्ये करून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग फ्लास्कमध्ये घेऊन खुणेपर्यंत भरा.

हायड्रोक्लोरिकच्या काही बाटल्यांवर '३५ ते ३८ टक्के' असं लिहिलेलं असतं. ३८ टक्क्यांचं आम्ल १२.४ मोलर भरतं, म्हणजे लेबलच्या दोन टोकांतच नऊ-दहा टक्क्यांचा फरक. शिवाय दर वेळी झाकण उघडलं की वायू निसटतो. म्हणून आकडेमोडीनं केलेलं द्रावण 'अंदाजे ०.५ नॉर्मल' समजा आणि त्याचं प्रमाणीकरण करा, म्हणजे खरी संहती प्रयोगानं काढा. सुमारे २७० अंश सेल्सिअसला सुकवून डेसिकेटरमध्ये थंड केलेलं सोडियम कार्बोनेट ०.६६ ग्रॅमच्या आसपास अचूक तोलून घ्या, पाण्यात विरघळवा आणि मिथिल ऑरेंज हे सूचक घालून टायट्रेशन करा. ०.६६२ ग्रॅमला बरोबर २५ मिली लागलं तर द्रावण ०.५ नॉर्मल. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतात, त्यामुळे लिटरला ४ ग्रॅम हा ०.१ नॉर्मलसाठीचा हिशेबही फक्त अंदाजाचा.

प्रश्न : सोडियम क्लोराइडचं मोलर वस्तुमान पुस्तकात ५८.५, कॅल्क्युलेटरवर ५८.४४. आणि कोबाल्ट क्लोराइडसाठी ९८.९२ कसं येतं? (शिक्षिका, सांगली)

उत्तर : पहिला फरक क्लोरीन ३५.५ धरायचा की ३५.४५ एवढाच आहे. एका हजारात एक. परीक्षेत प्रश्नपत्रिकेत दिलेले अणुभार घ्या, तोलायचं असेल तर कॅल्क्युलेटरचे.

दुसरी चूक मात्र मोठी आहे. कोबाल्टच्या चिन्हात पहिलं अक्षर मोठं आणि दुसरं लहान असतं. दोन्ही मोठी टाइप केली की यंत्र ती कार्बन आणि ऑक्सिजन अशी वाचतं, आणि कोबाल्ट क्लोराइडच्या जागी फॉस्जीन या विषारी वायूचं वजन काढून देतं. कोबाल्ट क्लोराइडचं निर्जल १२९.८४, आणि गुलाबी स्फटिकाचं, ज्यात पाण्याचे सहा रेणू असतात, २३७.९३.

प्रश्न : आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचं समीकरण एका कॅल्क्युलेटरनं २ : ५ : ३ असं संतुलित केलं, दुसऱ्यानं २ : १ : ३, आणि तिसरा म्हणतो अनंत उत्तरं आहेत. अणू मोजले तर पहिली दोन्ही बरोबर भरतात! (जेईईची तयारी करणारा विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : तुमचा प्रश्न फार चांगला आहे, आणि तिघांत सर्वांत प्रामाणिक उत्तर तिसऱ्यानं दिलंय. आधी दोन्ही समीकरणं शब्दांत मांडू.

पहिलं : २ पोटॅशियम परमँगनेट, ५ पेरॉक्साइड, ३ सल्फ्युरिक आम्ल यांपासून १ पोटॅशियम सल्फेट, २ मँगनीज सल्फेट, ८ पाणी, ५ ऑक्सिजन.

दुसरं : २ परमँगनेट, १ पेरॉक्साइड, ३ आम्ल यांपासून १ पोटॅशियम सल्फेट, २ मँगनीज सल्फेट, ४ पाणी, ३ ऑक्सिजन.

दुसऱ्यात ऑक्सिजनचे अणू डावीकडे ८ + २ + १२ = २२, उजवीकडे ४ + ८ + ४ + ६ = २२. हायड्रोजन ८ आणि ८. भरलं. पेरॉक्साइड ३ घेतलं तरी भरतं (६ पाणी, ४ ऑक्सिजन), ७ घेतलं तरी भरतं (१० पाणी, ६ ऑक्सिजन).

असं होतं याचं कारण कॅल्क्युलेटर फक्त अणू मोजतो. इथे पदार्थ सात, म्हणजे अज्ञात सहगुणक सात. मूलद्रव्यं पाच : पोटॅशियम, मँगनीज, ऑक्सिजन, गंधक, हायड्रोजन. त्यामुळे समीकरणंही पाचच. एकच प्रमाण निश्चित व्हायला सहा लागली असती. रसायनाच्या भाषेत सांगायचं तर पेरॉक्साइड परमँगनेटशिवायही स्वतःच पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटित होऊ शकतं, दोन रेणूंपासून दोन पाणी आणि एक ऑक्सिजन. ही स्वतंत्र अभिक्रिया मूळ समीकरणात कितीही वेळा मिळवली किंवा वजा केली तरी अणूंचा ताळेबंद बिघडत नाही. दुसऱ्या कॅल्क्युलेटरनं सगळ्यांत लहान पूर्णांक शोधून दिले, एवढंच.

निवाडा करायचा तो इलेक्ट्रॉनांवरून. परमँगनेटमधलं मँगनीज अधिक ७ वरून अधिक २ वर येतं, म्हणजे प्रत्येकी ५ इलेक्ट्रॉन घेतं. दोन परमँगनेटना १० लागतात. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन उणे १ वरून शून्यावर जातो, एका रेणूतून २ इलेक्ट्रॉन. दहा इलेक्ट्रॉन पुरवायला पाच रेणूच हवेत. २ : १ च्या समीकरणात दहा इलेक्ट्रॉन घेतले जातात आणि पेरॉक्साइड देतं दोनच. बाकीचे आठ कुठून आले, याला उत्तर नाही.

कॅल्क्युलेटरकडूनच हे करून घ्यायचं असेल तर पूर्ण समीकरण देऊ नका, दोन अर्ध-अभिक्रिया वेगवेगळ्या द्या. परमँगनेट आयन, ८ हायड्रोजन आयन आणि ५ इलेक्ट्रॉन यांपासून मँगनीज आयन आणि ४ पाणी. पेरॉक्साइडपासून ऑक्सिजन, २ हायड्रोजन आयन आणि २ इलेक्ट्रॉन. पहिलीला दोननं, दुसरीला पाचनं गुणा. प्रयोगातला फरक केवढा पडतो तो पाहा : ०.०२ मोलर परमँगनेट १० मिली लागलं, तर २ : ५ नुसार नमुन्यात १७ मिलिग्रॅम पेरॉक्साइड, २ : १ नुसार ३.४. थेट पाचपट.

प्रश्न : '२० व्हॉल्यूम' पेरॉक्साइडची मोलॅरिटी एकीकडे १.७९ येते, एकीकडे १.७६. (वरच्याच विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न)

उत्तर : प्रमाण तापमान आणि दाब यांची व्याख्या दोन प्रकारे केली जाते. तापमान दोन्हीत ० अंश सेल्सिअस. दाब १ अ‍ॅटमॉस्फिअर धरला तर एका मोल वायूचं आकारमान २२.४१ लिटर, १ बार धरला तर २२.७१ लिटर. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८२ पासून १ बार स्वीकारला, जुन्या पुस्तकांची गणितं मात्र २२.४ वरच चालतात. २० व्हॉल्यूम म्हणजे एका लिटरमधून २० लिटर ऑक्सिजन. पेरॉक्साइडच्या दोन मोलपासून ऑक्सिजनचा एकच मोल निघतो, म्हणून भागायचं ते त्या आकारमानाच्या निम्म्यानं : ११.२ नं किंवा ११.३५ नं. म्हणून तुमची दोन उत्तरं. आणखी एक : वायूच्या कॅल्क्युलेटरमध्ये तापमान केल्विनमध्ये मागितलंय की सेल्सिअसमध्ये ते पाहा. २५ केल्विन म्हणजे उणे २४८ सेल्सिअस, आणि २५ भरलं तरी यंत्र तक्रार करत नाही.

प्रश्न : हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती दहाचा उणे आठवा घात मोलर असेल तर कॅल्क्युलेटर सामू (पीएच, आम्लता मोजणारा आकडा) ८ दाखवतो. आम्लाचा सामू सातच्या वर कसा? (अकरावीची विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : जाऊच शकत नाही. त्या कॅल्क्युलेटरनं फक्त आम्लाचे हायड्रोजन आयन मोजले आणि पाण्याचे स्वतःचे विसरला. शुद्ध पाण्यात २५ अंशाला ते दहाचा उणे सातवा घात इतके असतात, तुमच्या आम्लाच्या दहापट. दोन्ही नुसते मिळवूनही चालत नाही, कारण आम्ल आल्यावर पाण्याचं आयनीकरण थोडं मागे हटतं. वर्गसमीकरण सोडवलं की सामू ६.९८ येतो.

हा प्रश्न कॅल्क्युलेटरची पारख करायलाही उपयोगी आहे. नवं साधन वापरण्याआधी त्यात हेच भरून बघा. ८ आलं तर ते फक्त लॉगॅरिदम काढतं, ६.९८ आलं तर विश्वास ठेवायला हरकत नाही. दुर्बल आम्लांसाठी अशीच कसोटी : क्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल, ०.०१ मोलर, विचरण स्थिरांक (आम्ल किती सहज आयन देतं ते सांगणारा आकडा) ०.००१४. वर्गमुळाचं सोपं सूत्र २.४३ देतं, पूर्ण वर्गसमीकरण २.५१. ते सोपं सूत्र अ‍ॅसिटिक आम्लाला चालतं, कारण ०.१ मोलरला त्याचे जेमतेम सव्वा टक्का रेणूच विघटित होतात. क्लोरोअ‍ॅसिटिकचे इथे तीस टक्क्यांहून जास्त होतात, मग 'उरलेलं आम्ल जवळजवळ तेवढंच' हे गृहीत कोसळतं. आणि साध्या वैज्ञानिक कॅल्क्युलेटरवर ०.०१ मोलर हायड्रोक्लोरिकचा सामू २ ऐवजी ४.६ आला, तर दहाच्या पायाऐवजी नैसर्गिक लॉगचं बटण दाबलं गेलंय.

प्रश्न : ट्रिस बफर (सामू स्थिर ठेवणारं द्रावण) कॅल्क्युलेटरप्रमाणे सामू ७.५ ला बनवला, मीटरवरही ७.५ दिसला. शीतगृहात पुन्हा मोजला तर ८.१. मीटर बिघडलाय का? (संशोधक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : मीटर ठीक आहे, बफरच बदलला. ट्रिसचा पीकेए (ज्या सामूला त्याचे निम्मे रेणू आम्लरूपात असतात तो आकडा) २५ अंशाला ८.०७ असतो आणि तापमान एका अंशानं उतरलं की सुमारे ०.०२८ नं वाढतो. २५ वरून ४ अंशावर गेलात, २१ अंशांचा फरक, सामू ०.६ नं वर. मीटरमधली तापमानभरपाई फक्त इलेक्ट्रोडच्या प्रतिसादासाठी असते, बफरच्या रसायनासाठी नव्हे. ज्या तापमानाला प्रयोग करणार त्याच तापमानाला सामू जुळवा, किंवा तापमान विचारणारं कॅल्क्युलेटर निवडा.

फॉस्फेटवर तापमानाचा परिणाम अगदी थोडा, पण क्षारांच्या संहतीचा मोठा. कॅल्क्युलेटर पीकेए ७.२ धरतो, ०.१ मोलर फॉस्फेटमध्ये तो प्रत्यक्षात ६.८-६.९ सारखा वागतो, म्हणून वाचन हिशेबापेक्षा ०.३ च्या आसपास कमी येतं. दहापट तीव्र साठा करून ठेवत असाल तर सामू विरल केल्यानंतरच तपासा.

प्रश्न : गावच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची ते काढायला एक परदेशी कॅल्क्युलेटर वापरला. व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर. उत्तर ६८६ ग्रॅम आलं, नेहमीच्या कितीतरी पट. (पाणीपुरवठा कर्मचारी, सिंधुदुर्ग)

उत्तर : तुम्ही थांबून विचारलंत ते फार बरं केलंत. व्यासाचा आकडा त्रिज्येच्या रकान्यात गेलाय, त्यामुळे पाणी चौपट मोजलं गेलं. खरा हिशेब असा : ०.७८५ × ३ × ३ × ४ = २८.३ घनमीटर, म्हणजे २८,३०० लिटर. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन हवं असेल तर ५६.५ ग्रॅम क्लोरीन. पावडरमध्ये ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन धरलं तर १७१ ग्रॅम पावडर.

पण ३३ टक्के असतात ताज्या, बंद पावडरमध्ये. कोकणच्या दमट हवेत पिशवी उघडी राहिली की क्लोरीन झपाट्यानं उतरतं. ते २० टक्क्यांवर आलं असेल तर तेवढ्याच क्लोरीनसाठी २८३ ग्रॅम लागतील. शिवाय परदेशी कॅल्क्युलेटर बहुधा पोहण्याच्या तलावासाठी, द्रवरूप हायपोक्लोराइट आणि गॅलन धरून केलेले असतात. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ चा.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : विहिरीच्या पाण्याचं आकारमान कॅल्क्युलेटरवर काढा, मात्रा हॉरॉक्स चाचणीवर ठरवा. त्या पेटीतले सहा पांढरे कप, काळा कप आणि स्टार्चचं सूचक द्रावण हे तुमच्याच पाण्यावर, तुमच्याच पावडरनं तपासतात, त्यामुळे टक्केवारीचा अंदाज लावावाच लागत नाही. निळा रंग दिसणारा पहिला कप कितवा, ते बघा. त्या क्रमांकाची दुप्पट इतके ग्रॅम ४५५ लिटरला लागतात. ४५५ लिटर म्हणजे १०० ब्रिटिश गॅलन. तुमच्या विहिरीत असे ६२ भाग आहेत : पहिलाच कप निळा झाला तर १२४ ग्रॅम, दुसरा झाला तर २४८. बादलीत पावडरची पेस्ट करून पाणी घाला, चुना खाली बसू द्या, आणि वरची निवळीच विहिरीत सोडा. गाळ विहिरीत गेला की पाण्याचा जडपणा वाढतो. बादली दोरानं वर-खाली करून पाणी ढवळा. किमान एक तासानं उरलेलं मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम असायला हवं, ते किटनं तपासा.

प्रश्न : बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी एक किलो मोरचुदाला एक किलो चुना, असं आम्ही वर्षानुवर्षं करतो. मुलानं ऑनलाइन हिशेब काढला तर २२५ ग्रॅम कळीचा चुना पुरेसा आहे म्हणे. चुना वाया घालवतोय का? (द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका)

उत्तर : मुलाचा हिशेब कागदावर चोख आहे. एक किलो मोरचूद म्हणजे ४.००५ मोल, तेवढेच मोल कळीचा चुना, ५६.०८ नं गुणलं की २२५ ग्रॅम. विरलेल्या चुन्याच्या पुडीसाठी तोच आकडा २९७ ग्रॅम होतो. त्याला शाबासकी द्या, पण पंपात हे प्रमाण भरू नका.

या हिशेबात दोन गोष्टी गृहीत धरल्यात : चुना शंभर टक्के शुद्ध आहे, आणि त्याचा कण न् कण अभिक्रियेत भाग घेतो. बाजारातल्या चुन्यात न भाजलेले खडे असतात. पोत्यात राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच्या रूपात जातो, आणि तो मोरचुदाला आवरू शकत नाही. शिवाय चुना पाण्यात लिटरला जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो. बाकीचा कणांच्या रूपात तरंगत असतो, आणि त्या कणांवर तांब्याचा निळा थर बसला की आतला चुना तसाच अडकून पडतो. चुना कमी पडला तर मोकळं तांबं द्रावणात राहतं आणि कोवळी पानं करपतात. थोडा जास्त असला तर मिश्रण अल्कधर्मी राहतं, तांबं हळूहळू सुटतं आणि थर पानाला चिकटून राहतो.

एक किलोचं प्रमाण मात्र दगडावरची रेघ नाही. चुना ताजा, पांढराशुभ्र आणि विरताना जोरात तापणारा असेल तर कमीतही भागतं. किती ते कॅल्क्युलेटर सांगू शकत नाही, सुरी सांगते. मोरचूद ५० लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या पिंपात विरघळवा, लोखंडी पिंपात नको. चुना वेगळा विरवून ५० लिटरला पातळ करा आणि फडक्यातून गाळा, नाहीतर नोझल तुंबतात. दोन्ही द्रावणं थंड झाल्यावर तिसऱ्या पिंपात एकदम ओतत काठीनं ढवळा. आकाशी निळा रंग आणि लोण्यासारखा सैल साका यायला हवा.

मग घासून स्वच्छ केलेली लोखंडी सुरी किंवा खिळा त्यात मिनिटभर धरा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं शिल्लक आहे : लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं बसतं. चुन्याचं पाणी थोडं थोडं घालत, दर वेळी पातं पुसून पुन्हा बुडवा. थर येणं थांबलं आणि निळा लिटमस लाल होईनासा झाला, की चुना पुरला. मुलाला प्रत्येक वेळी किती चुना लागला ते वहीत लिहायला सांगा. त्याच पोत्यातल्या चुन्यासाठी तो आकडा पुढच्या फवारणीला उपयोगी पडेल, नवं पोतं आलं की पुन्हा सुरीपासून सुरुवात. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवा. दुसऱ्या दिवशी साका दाणेदार होऊन तळाला बसतो आणि पानावर टिकत नाही.